जास्तीचं वल्हं

पाण्यात उतरण्याआधी माणसाला वल्हं निवडता आलं पाहिजे. मला ते उत्तम येत होतं. पाण्यात उतरणं तेवढं राहिलं होतं!

ही बढाई नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांच्या एका कारखान्यात मी माल तपासायला असतो. समोर आलेली वस्तू आधी उलटी बघायची, मग सुलटी बघायची आणि मग नापास करायची, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. बोईसरच्या बाजारात मी दिसलो की वांगीवाले पाटीवर पोतं टाकतात. अशा माणसाला वल्ह्यासारखी साधी वस्तू निवडणं म्हणजे काय अवघड?

आता वल्हं मुळात कशाला, ते सांगतो. मी जत तालुक्यातला. आमच्याकडे पाणी टँकरने येतं आणि त्यात पाय घालणाऱ्या पोराला फटका बसतो. बायको मात्र दातिवऱ्याची. खाडीच्या तोंडाशी घर, घरात पिढीजात मासेमारी. लग्नानंतर सासऱ्यांनी, म्हणजे पंढरीमामांनी, नवा जावई म्हणून मला मोठ्या कौतुकाने बोटीवर नेलं. बोट अजून किनाऱ्याला बांधलेलीच होती, तेव्हा मला पहिली उलटी झाली. पुढच्या मी मोजल्या नाहीत. तेव्हापासून घरचे सगळे बोटीत बसायला निघाले की सासूबाई अंगणात समुद्राकडे तोंड करून माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवतात. बाजूला पाण्याचा तांब्या. माझा साडू मेहुल सातपाटीचा, घरची बोट असलेला. तो बोटीतून हात हलवतो आणि मी खुर्चीतून.

दरवर्षी दिवाळीनंतर खाडीपलीकडे सासूबाईंच्या माहेरी देवीचा उत्सव असतो. सगळे मेहुलच्या बोटीने हसतखेळत पलीकडे जातात. मी सफाळ्याला येतो, गाडीने वैतरणेचा पूल ओलांडतो, विरारला उतरून रिक्षा शोधतो आणि धापा टाकत पोचतो तेव्हा शेवटची पंगत उठलेली असते. गेल्या वर्षी माझी मुलगी उन्नती मला एकट्याला वाढता वाढता म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी तुम्ही नाही आलात तरी चालेल. तुमच्यासाठी भांडी घासायची थांबतात."

रागाने म्हणाली असती तर मीही रागावलो असतो. ती फार समजूतदारपणे म्हणाली. तो भात माझ्या घशाखाली उतरला नाही. स्वतःच्या मुलीच्या हिशेबात आपण खाडीच्या अलीकडचे आहोत, हे कुठल्याही बापाला लागेल. मी तिथेच पत्रावळीवर ठरवून टाकलं की पुढच्या उत्सवाला खाडी ओलांडायची ती स्वतःच्या होडीने, आणि त्या होडीत माझ्या पुढ्यात बसलेली असेल उन्नती!

उन्नतीने ते ऐकून घेतलं आणि अट घातली. आधी मी एकट्याने खाडीच्या तोंडापर्यंत जायचं आणि कुणीही ओढून न आणता परत यायचं. ती किनाऱ्यावरून बघणार. परत आलो तर ती बसणार. मी अट मान्य केली. मुलगी माझ्यावरच गेली आहे, तपासल्याशिवाय काही स्वीकारत नाही.

कारखान्यातल्या भाग्येशने एका उन्हाळ्यात हौसेने दोन माणसांची कयाक घेतली होती. कयाक म्हणजे लांबट, निमुळती होडी, माणूस कमरेपर्यंत आत शिरून बसतो अशी. उन्हाळा संपला, हौस संपली आणि भाग्येशच्या आईने गच्चीवर त्या कयाकमध्ये कांदे पसरले. ती मी आणली. तिच्याबरोबर एक वल्हं आलं, दोन्ही टोकांना रुंद पाती असलेलं, कार्बनचं, पापडाइतकं हलकं आणि भगभगीत नारिंगी.

दुसरा कुणी असता तर तेच घेऊन पाण्यात गेला असता. मी अभ्यासाला बसलो. रोज जेवण झालं की मोबाईलवर देशोदेशीचे वल्हवणारे बघायचे. त्यातून कळलं की या विषयात जगात दोन पक्ष आहेत. एक आधुनिक पक्ष, रुंद पात्यांचा, एका फटक्यात होडी पुढे काढणारा. दुसरा परंपरावादी, बर्फाळ मुलखातल्या शिकाऱ्यांसारखं अरुंद, लांब, लाकडी वल्हं वापरणारा, खांद्यांना जपणारा. दोन्ही पक्ष एकमेकांना मूर्ख समजतात. दोघांचं ऐकल्यावर मला दोघांचंही पटलं.

म्हणून बोईसरच्या एका सुताराकडून मी लाकडी वल्हंही करून घेतलं. दारं-खिडक्या करणारा माणूस तो. त्याने चित्र बघितलं, फिरवून बघितलं आणि विचारलं, "साहब, दोनों तरफ़ से एक जैसा है, तो पकड़ना किधर से?" मी म्हटलं मधून. त्याने मान हलवली, पण काम छान केलं. लाटणं दोन्ही बाजूंनी ओढून माणसाहून लांब केलं तर कसं दिसेल, तसं ते दिसत होतं.

मग चाचणी. तिसऱ्या मजल्यावर समुद्र नसतो, पण सोफा असतो. सोफ्यावर बसून मी आलटून पालटून दोन्ही वल्ही हवेत मारली. नारिंगी वल्ह्याने ट्यूबलाइट फुटली. लाकडी वल्ह्याने पंख्याचं पातं वाकलं. म्हणजे ताकदीत दोन्ही सारखी! बायको, वैभवी, स्वयंपाकघरातून म्हणाली की यातलं कुठलं बुडतं तेवढं सांग, म्हणजे मी दुसरं ठेवते. बायकांना तांत्रिक गोष्टी समजावून सांगण्यात अर्थ नसतो, निदान ट्यूबलाइटच्या काचा वेचताना तरी नसतो.

शेवटी दोन्ही वल्ही घेऊन दातिवऱ्याला गेलो. मला वाटलं होतं, दर्यावर हयात काढलेले पंढरीमामा लाकडाच्या बाजूने उभे राहतील. परंपरेविषयी दोन शब्द बोलायची मी तयारीही केली होती. मामांनी नारिंगी वल्हं एका बोटावर तोललं आणि म्हणाले, "हेच घे जावय. लाकूड वल्हवून माझे खांदे गेले. लाकूड चांगलं सांगनाऱ्याचे खांदे अजून हायेत, म्हनून सांगतोय तो."

सासूबाईंचं मत उलट पडलं. त्या लाकडी वल्ह्याला चांगलं म्हणाल्या आणि ते घेऊनच गेल्या. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातले होते, वरच्या दोरीपर्यंत त्यांचा हात पुरत नव्हता, तिथे त्यांनी ते वल्हं लावलं. पाहता पाहता आळीत दोन तट पडले. म्हातारे सगळे कार्बनच्या बाजूने, बायका सगळ्या लाकडाच्या. एवढा अभ्यास केलेला माणूस मधोमध उभा होता आणि त्याला कुणी विचारत नव्हतं.

पण निर्णय घ्यायला मी समर्थ होतो. दोन्ही न्यायची! जाणकार माणसं एक वल्हं हातात ठेवतात आणि एक जास्तीचं होडीला बांधतात. हातात मी लाकडी घेतलं, ते सासूबाई बोंबील सोडून जेवायला गेल्या तेव्हा काढून आणलं. नारिंगी आडवं बांधून बघितलं तर कोपराला लागत होतं. म्हणून ते बसायच्या जागेमागे, झेंड्यासारखं उभं बांधलं. पुढच्या जागेवर उन्नतीच्या वजनाची वाळू भरलेली गोणी ठेवली, कारण चाचणी म्हणजे चाचणी. गोणी सरकू नये म्हणून तिच्यावर ओलं गोणपाट घट्ट दाबून घातलं. हे सगळं इतकं सविस्तर सांगतोय, कारण यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती.

गर्दी नको म्हणून भर दुपारी, सगळी आळी जेवून लवंडलेली असताना, सुरूच्या झाडांपलीकडून मी निघालो. तिथे फक्त उन्नती होती. माझ्या अंगात लाइफ जॅकेट, डोक्याला मामांचा लाल चौकड्यांचा रुमाल. आणि सांगायला मला अतिशय आनंद होतो की मला उलटी झाली नाही. पाणी शांत होतं, भरती नुकती लागत होती, लाकडी वल्हं डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे! बोटीत माणूस बसलेला असतो म्हणून त्याला मळमळतं. इथे मी कामात होतो. खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा वाटलं की जतच्या माणसाला समुद्र जन्मापासून येत असावा, फक्त वाव मिळाला नव्हता.

ऊन चढलं होतं. रुमाल घामाने चिंब झाला, तो मी उभ्या नारिंगी वल्ह्याच्या टोकाला वाळायला बांधला. वारा होता, छान फडफडायला लागला. मग मी घटकाभर तिथेच थांबून किनाऱ्याकडे बघत बसलो.

किनाऱ्यावर दोन बायका आल्या. मग चार. मग आळीतून आणखी माणसं धावत येताना दिसली. मी समजलो. उन्नतीने सांगितलं असणार की माझे बाबा बघा! इतकी वर्षं खुर्चीत बसवलेल्या जावयाला बघायला अख्खी आळी झोपेतून उठून आली होती. मी हातातलं लाकडी वल्हं डोक्यावर धरून जोरजोरात हलवलं.

त्याबरोबर किनारा अक्षरशः उसळला. बायका घराकडे पळाल्या आणि टोपल्या घेऊन परत आल्या. जावयाचं स्वागत टोपल्यांनी करायची इकडे पद्धत असेल, असं मला वाटलं. एक टेम्पो धूळ उडवत वाळूपर्यंत आला. मोटरसायकलवरून कुणीतरी उतरलं. मी आणखी हलवलं. त्यांनीही हलवलं. माझ्या लग्नात इतकी माणसं नव्हती! लगेच परत गेलो असतो तर तेवढ्यावर संपलं असतं, पण असा सोहळा आयुष्यात एकदा येतो, म्हणून मी होडी गोल फिरवून त्यांना दुसऱ्या बाजूनेही दाखवली.

तेवढ्यात किनाऱ्यावरून एक बोट सुटली आणि फटफटत सरळ माझ्याकडे आली. बोटीत सासरी आलेला मेहुल आणि दोन खलाशी, बाह्या सरसावून, हातात दोर. जवळ आल्यावर मेहुलने मला ओळखलं आणि त्याचा हात इंजिनावरच राहिला.

"दादा, तुम्ही?"

"मीच," मी नम्रपणे म्हणालो.

त्याने उभ्या वल्ह्याकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं, ओल्या गोणपाटाकडे बघितलं. "किती हाय?"

"काय किती?"

"मासळी."

मग मेहुलने सांगितलं ते असं. खाडीच्या तोंडाशी मोबाईलला रेंज नसते. म्हणून सासऱ्यांच्या आळीत जुनी खूण अजून चालते. जाळं भरून आलं की बोटीवर वल्हं उभं करायचं आणि त्याला कापड बांधायचं, म्हणजे बायका टोपल्या घेऊन तयार राहतात आणि बर्फ मागवला जातो. आणि उभं वल्हं असताना दुसरं वल्हं डोक्यावर हलवलं, तर त्याचा अर्थ माल एका बोटीत मावत नाही, दुसरी पाठवा. ही खूण आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त बोटीत एकदाच बसलेल्या एका माणसाला.

चूक लक्षात आली की ती तत्काळ दुरुस्त करायची, ही आमच्या कारखान्याची शिस्त. मेहुल काही बोलायच्या आत मी मागे वळलो, गाठ सोडली आणि नारिंगी वल्हं रुमालासकट धाडकन खाली पाडलं.

किनाऱ्यावरून एक लांब किंकाळी आली. मग एकदम पुष्कळ. मेहुलने कपाळावर हात मारला. उभं वल्हं असं एकदम खाली पडलं, म्हणजे माणूस पाण्यात गेला!

मी ताबडतोब वल्हं परत उभं केलं. रडणं थांबलं. टोपल्या पुन्हा वर आल्या. हात दुखायला लागला म्हणून जरा वाकलं, तर पुन्हा रडणं.

"आता याचा काय अर्थ होतो?" मी मेहुलला विचारलं.

"काय म्हाईत, दादा. असं आजवर कोनी केलं नाय."

त्याने दोर टाकला आणि म्हणाला, चला, ओढून नेतो. दोर माझ्या हाताशी पडला होता. तो धरला असता तर पाच मिनिटांत सुटका होती. पण ओढून आणलं तर उन्नती बसणार नव्हती. मी दोर परत फेकला आणि माझा मी येतो म्हणालो. मेहुलने वाद घातला नाही. वाटेत कुठलंच वल्हं पाण्याच्या वर जाऊ देऊ नका, एवढंच हात जोडून सांगितलं आणि बोट मागे ठेवली. मी असं वल्हवलं, असं वल्हवलं की लाकडाच्या पक्षाला अभिमान वाटावा. खांद्यांचं काय झालं ते मामा आधीच बोलले होते.

होडी वाळूला लागली तेव्हा भागी सगळ्यांत पुढे होती. मासळीचा लिलाव पुकारणारी ही बाई, तिच्यापुढे सातपाटीचे व्यापारीसुद्धा हळू बोलतात. गोणपाट बघून तिने बोली केव्हाच सुरू केली होती आणि ती बरीच वर गेली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ गोणपाटाखाली हात घातला, मूठ भरून बाहेर काढली आणि उघडली.

"वाळू हाय," भागी म्हणाली.

मागच्या एका म्हातारीने आपल्या पायाखाली बघितलं. दातिवऱ्याचा अख्खा किनारा वाळूचा आहे. त्यावर मी दर्यातून गोणीभर वाळू आणून उतरवली होती.

सासूबाई डोळे पुसत गर्दीतून पुढे आल्या. वल्हं पडलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने त्याच रडल्या होत्या, कुणासाठी ते माहीत नसताना. उन्नतीने त्यांना दहादा सांगितलं होतं की तिथे बाबा आहेत. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तुझा बा? दर्यात? गप बस, देवाचं नाव घे." आता मला जिवंत बघून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला भरून आलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की बोंबलांच्या मांडवावर कावळे आणि कुत्री तुटून पडलीत, कारण राखणीला कुणी उरलंच नव्हतं. सासूबाई पुन्हा रडल्या. बोंबलांसाठी त्या माझ्यापेक्षा बराच जास्त वेळ रडल्या.

टेम्पोवाला मला हिंदीत विचारत राहिला की साहब, बर्फ का क्या करूँ. त्या दुपारी आळीत घरोघर कोकमाचं गार सरबत झालं आणि ते पिताना प्रत्येकाने माझं नाव काढलं, ते कसं ते इथे लिहीत नाही. पंढरीमामांनी एकच प्रश्न विचारला.

"हातात कुठलं होतं?"

"लाकडी."

"तरीच," ते म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

इतकं झाल्यावर दुसरा माणूस तोंड लपवून बोईसरला निघून गेला असता. मी उन्नतीला सुरूच्या झाडांखाली गाठलं आणि बाजू मांडली. खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. एकटा गेलो. एकटा आलो, दोर हाताशी आलेला असताना तो सोडून आलो. वाळूचा एक कणही बुडाला नाही. अटीप्रमाणे मी पास होतो! मात्र हे सांगताना माझा आवाज मला हवा तेवढा ठाम निघाला नाही. कारण ती नाही म्हणाली असती, तर मला दुसरं काही सांगता येण्यासारखं नव्हतं.

तिने आधी माझे हात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाली, "तुम्ही दोर फेकलात ते मी बघितलं. बसते मी."

मला रडू आलं, ते मी घाम पुसल्यासारखं पुसलं.

"पण मागे मी बसणार," ती म्हणाली. "वल्हं माझ्याकडे. तुम्ही पुढे, गोणीच्या जागेवर."

पोरगी चौथीपासून सुट्टीत आजोबांची छोटी होडी खाडीत फिरवत होती म्हणे. घरात सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी काळजी करत बसेन. दोन वल्ह्यांमधलं नारिंगी तिने उचललं, हलकं आहे म्हणाली आणि निवड संपली. एवढ्याशा वेळात! ना सोफा, ना पंखा. लाकडी वल्हं सासूबाईंनी मांडवाला बांधून टाकलं, मी पुन्हा काढू नये म्हणून गाठी मारून.

उत्सवाच्या दिवशी आम्ही निघालो. बाजूने मेहुलची बोट हळूहळू चालली होती, तीत मामा, वैभवी, सगळे. उन्नती माझ्या पाठीमागे असं शांत वल्हवत होती की पाण्याला ओरखडा उठत नव्हता. मी पहिल्या पंगतीला पोचणार होतो. मुलीच्या होडीतून पोचणार होतो. खरं सांगतो, मी इतका खूश माझ्या बढतीच्या दिवशीही नव्हतो. निघताना तिने मला एकच गोष्ट बजावली होती की हात मांडीवर ठेवायचे आणि काहीही झालं तरी वर करायचे नाहीत.

बरोबर मध्यावर माझं नाक खाजायला लागलं. अलीकडच्या काठावर भागी आणि तिच्या बायका टक लावून उभ्या होत्या. पलीकडच्या काठावर सासूबाईंच्या माहेरच्या बायका उभ्या होत्या, त्यांनाही बातमी पोचली असावी, कारण दोन-तिघींच्या कडेला टोपल्या दिसत होत्या. मी डोळे मिटले, दात आवळले आणि पंगतीत वाढलेला भात डोळ्यांपुढे आणला.

नाक मी पलीकडे उतरल्यावर खाजवलं. तेही उन्नतीला विचारून.